हृदयस्नायूची प्रतिमा : प्रत्यक्ष की परोक्ष?

हृदयाच्या स्नायूचे आजार चुंबकीय अनुनादाच्या, म्हणजे एमआरआयच्या, साहाय्याने तपासण्याची पद्धत आज वैद्यकात रुळली असली, तरी त्या तपासणीतून हाती येणाऱ्या ज्ञानाचे स्वरूप नेमके कोणते, हा प्रश्न एकट्या वैद्यकाच्या कक्षेत सुटणारा नाही. पडद्यावर जे धडधडताना दिसते ते हृदय पाहिले असे म्हणावे, की हृदयाविषयी केलेले एक अनुमान पाहिले असे म्हणावे, आणि ते अनुमान असेल तर त्यावरून माणसाच्या उरलेल्या आयुष्याविषयी, त्याच्या आप्तांविषयीच्या कर्तव्याविषयी आणि त्याच्या व्रतांविषयी काय बोलता येईल, हे प्रमाणशास्त्राचे, म्हणजे ज्ञान कोणत्या साधनाने व कितपत खात्रीने होते याचा विचार करणाऱ्या शास्त्राचे, प्रश्न आहेत. मीरा-भाईंदरमध्ये हे प्रश्न पुस्तकी राहत नाहीत. मिठागरे आणि आगरी-कोळ्यांची गावे यांच्या भोवती वाढत गेलेल्या, २००२ साली महानगरपालिका झालेल्या आणि २०११ च्या जनगणनेत ८,०९,३७८ लोकसंख्या नोंदवणाऱ्या या शहरात उत्तन-डोंगरीची जुनी चर्चे आहेत, मीरा रोडला १९९८ पासून औषधोपचाराला आध्यात्मिक आधाराची जोड देणारे भक्तिवेदान्त रुग्णालय आहे, आणि भाईंदर पश्चिमेला बावन जिनालयासह अनेक देरासरांभोवती, म्हणजे जैन मंदिरांभोवती, गुजराती व मारवाडी जैनांची मोठी वस्ती आहे. कर्म, आयुष्य, तप हे शब्द या वस्तीत रोजच्या बोलण्यातले आहेत आणि तपासणीचा अहवाल घरी येतो तेव्हा तो याच शब्दांत वाचला जातो. त्यामुळे जैन दर्शनाच्या चौकटीत या प्रतिमेचा विचार करणे हा बौद्धिक खेळ ठरत नाही. किंबहुना, हे दर्शन या प्रश्नाला अनपेक्षितपणे चांगले पुरून उरते.

प्रथम आजाराविषयी. रोहिणी तुंबल्यामुळे येणारा हृदयविकाराचा झटका सर्वांना परिचित असतो. हृदयस्नायूचे आजार, ज्यांना कार्डिओमायोपथी म्हणतात, त्यांत मात्र रोहिण्या मोकळ्या असूनही स्नायूच बिघडतो, म्हणजे तो अकारण जाड होतो, किंवा फुगून पातळ व अशक्त होतो, किंवा ताठर होऊन नीट सैलावत नाही. यांपैकी स्नायू जाड होण्याच्या प्रकाराचे आधुनिक वर्णन लंडनचे विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टीअर यांनी १९५८ साली केले, आणि ते मुख्यतः आकस्मिक मृत्यू आलेल्या तरुणांच्या शवविच्छेदनावरून केले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण या आजाराचे ज्ञान ज्याला ते हवे होते त्याच्या मृत्यूनंतरच होत असे. हा प्रकार साधारणपणे पाचशे माणसांत एकाला आढळतो. डाव्या निलयाची, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याची, भिंत उच्च रक्तदाबासारखे अन्य कारण नसताना १५ मिलिमीटर किंवा अधिक जाड झाली की प्रौढांमध्ये तो असल्याचे मानतात. बहुधा तो आनुवंशिक असतो आणि आई-वडिलांपैकी एकाकडे सदोष जनुक असल्यास प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. अनेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. काहींच्या बाबतीत पहिले लक्षण मृत्यू हेच असते. सोनोग्राफीच्या तत्त्वावर चालणारी इको तपासणी यांतील बहुतेक रुग्ण शोधून काढते, परंतु जाडी हृदयाच्या टोकाशी असेल तर ती इकोतून निसटू शकते, आणि स्नायूच्या आत व्रण झाला आहे का, हे तर इकोला फारसे सांगता येत नाही. एमआरआयचे काम तेथून सुरू होते.

एमआरआय यंत्र हृदयाचा फोटो काढत नाही. शरीरातील पाणी आणि चरबी यांत असलेल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना ते प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवते. नेहमीच्या यंत्रातील १.५ टेस्लाचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजारांहून अधिक पट असते, तरीही त्या क्षेत्राच्या दिशेने कल दाखवणाऱ्या केंद्रांचे आधिक्य दहा लाखांमागे केवळ काही इतकेच भरते. त्या अल्प आधिक्याला रेडिओ लहरींनी डिवचले जाते, ती केंद्रे पूर्वस्थितीला येताना जो क्षीण संकेत देतात तो टिपला जातो, आणि क्षेत्राची तीव्रता जागोजागी किंचित बदलून कोणता संकेत कुठून आला हे ठरवता येते. संकेताच्या या राशीवर गणिती प्रक्रिया झाल्यावर चित्र निर्माण होते. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली या मार्गाने पहिली प्रतिमा प्रसिद्ध केली आणि २००३ साली पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे डोळ्यांसमोर येणारी करडी आकृती ही मोजमापांवरून रचलेली आहे. तिच्यात आणि हृदयात प्रकाशकिरणाचा कसलाही संबंध नाही.

धडधडणाऱ्या हृदयाच्या बाबतीत ही रचना आणखी पुढे जाते. एका ठोक्याच्या अवधीत सुबक चित्र मिळण्याइतकी मोजमापे बहुधा होत नाहीत, म्हणून रुग्णाला दहाएक सेकंद श्वास रोखायला सांगून, ईसीजीवरील प्रत्येक ठोक्याच्या आरंभखुणेला धरून, लागोपाठच्या अनेक ठोक्यांतून थोडी-थोडी मोजमापे घेतली जातात आणि ती जोडून एक ठोका तयार केला जातो. पडद्यावर पुनःपुन्हा फिरणारा तो एक ठोका त्या रुग्णाच्या छातीत कधीच पडलेला नसतो. या जोडणीमागे गृहीत आहे ते असे की, आधीचा ठोका आणि नंतरचा ठोका यांत फरक नाही. नाडी अनियमित असली की हे गृहीत ढासळते आणि चित्र पुसट होते. बौद्ध क्षणिकवादाला, म्हणजे वस्तू क्षणोक्षणी समूळ नष्ट होऊन नवी उपजते या मताला, ही जोडणी समर्थनीय वाटणार नाही, तर वस्तूचे सार बदलतच नाही असे मानणाऱ्याला ती निरर्थक वाटेल. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात सत् म्हणजे उत्पत्ती, विनाश आणि ध्रुवता या तिन्हींनी युक्त असलेले, अशी जी व्याख्या आहे तीच या तंत्राचे मूक गृहीत ठरते: प्रत्येक ठोका उपजतो, मावळतो आणि तरी त्यांतून एक हृदय टिकून राहते.

व्रण शोधण्याची पद्धत तर अनुमानाचा नमुनाच आहे. गॅडोलिनियम या धातूचे सुरक्षित संयुगात बांधलेले द्रव्य शिरेतून दिले जाते. ते जिवंत स्नायुपेशींच्या आत शिरत नाही, पेशींच्या मधल्या जागेत पसरते आणि मूत्रपिंडांवाटे निघून जाते. जेथे पेशी मरून तेथे तंतुमय ऊतक भरले आहे तेथे ही मधली जागा मोठी असते, म्हणून द्रव्य तेथे जास्त साठते व उशिरा निघते, आणि दहा-पंधरा मिनिटांनी घेतलेल्या चित्रात तो भाग पांढरा चमकतो. न्यायशास्त्रात धूर पाहून अग्नी ओळखण्याला अनुमान म्हणतात, धुराला हेतू म्हणतात आणि धूर व अग्नी यांच्या अव्यभिचारी साहचर्याला व्याप्ती म्हणतात. येथे पांढरेपणा हा हेतू आहे आणि व्रण हे साध्य. पांढऱ्याची जागाही बोलते: रोहिणी तुंबून झालेला व्रण स्नायूच्या आतल्या थरापासून सुरू होतो, विषाणूजन्य दाहाचा बहुधा बाहेरच्या थरात असतो, फुगलेल्या हृदयात दोन निलयांमधल्या पडद्याच्या मधोमध एक रेघ दिसते, तर जाड झालेल्या स्नायूत जाडीच्याच भागात विखुरलेले डाग दिसतात. ही वाचनपद्धती प्रभावी आहे, पण निर्दोष नाही. चित्र घेताना निरोगी स्नायू काळा दिसेल अशी वेळ तंत्रज्ञ स्वतः निवडतो. काळे-पांढरे हे त्या निवडीला सापेक्ष असते. सगळाच स्नायू सारख्या प्रमाणात बिघडला असेल, जसे अ‍ॅमिलॉइड नावाचे प्रथिन सर्वत्र साचल्यावर होते, तर तुलनेला निरोगी भागच उरत नाही, काळा कशाला करायचा हेच ठरेनासे होते, आणि कधी पसरलेला आजार नजरेतून सुटतो. नैयायिक अशा दडलेल्या अटीला उपाधी म्हणतात. ती उपाधी ओळखूनच पुढे प्रत्येक बिंदूचा शिथिलनकाळ, म्हणजे अणुकेंद्रांना पूर्वस्थितीला यायला लागणारा वेळ, स्वतंत्रपणे मोजणारी पद्धत विकसित झाली. रेडिओलॉजीने न्यायसूत्रकार गौतमाचे सूत्र वाचले नसेल, पण दोष त्याच जागी सापडला.

मग हे ज्ञान प्रत्यक्ष नव्हे, असे म्हणून थांबता येईल का? जैन प्रमाणशास्त्र येथे एक पाऊल पुढे जाते. तत्त्वार्थसूत्राच्या मते आत्म्याला कशाच्याही मध्यस्थीविना होणारे ज्ञान तेवढे प्रत्यक्ष, आणि इंद्रिये व मन यांच्या द्वारा होणारे सगळे ज्ञान परोक्ष. म्हणजे डोळ्यांनी समोरचा घट पाहणेही परोक्षच. पुढे जिनभद्र आणि अकलंक या जैन आचार्यांनी व्यवहाराची सोय म्हणून इंद्रियज्ञानाला सांव्यवहारिक प्रत्यक्ष, म्हणजे लोकव्यवहारापुरते प्रत्यक्ष, असे नाव दिले. या भूमिकेतून पाहिले तर एमआरआयची प्रतिमा आणि शस्त्रक्रियेत छाती उघडून पाहिलेले हृदय यांत जातीचा भेद उरत नाही, पायऱ्यांचा उरतो. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, कारण यंत्राचे ज्ञान खोटे आणि डोळ्याचे खरे, किंवा उलट, डॉक्टरच्या स्टेथोस्कोपपेक्षा यंत्र अधिक खरे, अशा दोन्ही अंधश्रद्धांना तो जागा देत नाही. प्रत्येक साधन एक नय आहे, म्हणजे वस्तूच्या अनंत धर्मांपैकी काहींना पकडणारा दृष्टिकोन. इको वेग व दाब चांगले पकडते, एमआरआय ऊतकाचे स्वरूप पकडते, जनुकतपासणी संभाव्यता पकडते. एखादा नय स्वतःला संपूर्ण समजू लागला की त्याचा दुर्नय होतो.

येथे एक गैरसमजही बाजूला केला पाहिजे. छांदोग्य उपनिषदातील दहरविद्या हृदयातील सूक्ष्म आकाशात ब्रह्म शोधायला सांगते, कठोपनिषद अंगठ्याएवढा पुरुष हृदयात वसतो असे मानते, चरक हृदयाला चेतनेचे अधिष्ठान म्हणतो, आणि उत्तनच्या कॅथलिक घरात येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते. साहजिकच हृदयाच्या तपासणीला इतर अवयवांच्या तपासणीला नसलेले एक गांभीर्य, कधी भयही, चिकटते. जैन मत मात्र आत्म्याला हृदयात बसवत नाही. खोली लहान असो वा मोठी, दिव्याचा उजेड जसा ती पुरती भरून टाकतो, तसा आत्मा देहभर व्यापून असतो असे ते मानते, आणि हृदय हे इतर अवयवांसारखेच पुद्गल, म्हणजे जड द्रव्य. ज्या स्नायूत व्रण आहे तो माणूस आतून डागाळला आहे असा अर्थ या दर्शनात निघूच शकत नाही.

आता आयुष्याचा प्रश्न. जाड झालेल्या स्नायूत व्रणाचे प्रमाण डाव्या निलयाच्या वस्तुमानाच्या १५ टक्के किंवा अधिक असले तर आकस्मिक मृत्यूचा धोका लक्षणीय वाढतो असे आज मानले जाते, आणि इतर गोष्टी जमेस धरून छातीत डिफिब्रिलेटर, म्हणजे घातक अनियमित ठोका ओळखून विजेचा झटका देणारे उपकरण, बसवण्याचा विचार होतो. रुग्णाचे घर मात्र या टक्केवारीत वर्षे शोधते. टक्केवारी सांगते ती माणसांच्या एका समूहाविषयी. त्या समूहातल्या या एका माणसाविषयी ती निश्चित काहीच सांगत नाही. जैन कर्मसिद्धान्तात वेदनीय कर्म, ज्याने सुख-दुःख अनुभवास येते, नामकर्म, ज्याने देहाची घडण ठरते, आणि आयुकर्म, ज्याने आयुष्याची मर्यादा ठरते, ही तीन स्वतंत्र आहेत. देहाची घडण दिसली म्हणून आयुष्य दिसले असे होत नाही. शिवाय तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी ज्यांचे आयुष्य मध्येच खुंटत नाही अशा मोजक्या जीवांची गणना आहे, आणि सामान्य माणूस त्यांत नाही. त्याचे आयुष्य विष, शस्त्र, रोग अशा निमित्तांनी ठरलेल्या मर्यादेआधी तुटू शकते, वाढू मात्र शकत नाही. या भूमिकेत डिफिब्रिलेटरला एक नेमकी जागा मिळते: तो आयुष्य वाढवत नाही, अकाली तुटणे टाळतो. सोनगढचे जैन विचारवंत कानजी स्वामी (१८९०–१९८०) यांनी मांडलेल्या क्रमबद्ध पर्यायाच्या मतानुसार द्रव्याच्या अवस्थांचा क्रम ठरलेलाच असतो आणि अकाल मृत्यू ही भाषा केवळ व्यवहाराची. पण तेथेही तपासणी करणे आणि उपकरण बसवणे त्याच क्रमात बसते, त्यामुळे हे मत तपासणी टाळण्याचे कारण म्हणून पुढे करणे हा त्या मताचाच विपर्यास होय.

जैन तार्किक सिद्धसेन दिवाकरांचे सन्मतितर्कातील विवेचन या ठिकाणी सर्वांत उपयोगी पडते. काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत आणि पुरुषार्थ यांपैकी एकालाच कारण मानणे हे मिथ्यात्व, म्हणजे चुकीची दृष्टी, आणि पाचही एकत्र मानणे हे सम्यक्त्व, म्हणजे योग्य दृष्टी, असे ते सांगतात. हृदयस्नायूच्या अहवालात ही पाचही कारणे नावानिशी दाखवता येतात: वय, स्नायूची घडण, जनुक, पूर्वी होऊन गेलेला दाह किंवा मद्यपान, आणि आता घेतले जाणारे औषध. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हृदयस्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरांची त्रुटी भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत असल्याचे आणि तिचा हृदय निकामी होण्याशी संबंध असल्याचे दाखवण्यात आले. नुसता गुणाकार केला तर मीरा-भाईंदरच्या २०११ च्या लोकसंख्येत अशी त्रुटी असलेले बत्तीस हजारांच्या घरात आणि स्नायू जाड झालेले सोळाशेच्या घरात येतात. हा गुणाकार शहराची पाहणी म्हणून घेऊ नये, प्रश्न किती घरांचा आहे एवढे त्याने कळते. ही त्रुटी असलेल्या सगळ्यांना आजार होत नाही. जैन परिभाषेत बांधलेले पण अजून फळाला न आलेले कर्म सत्तेत आहे असे म्हणतात आणि फळाला आलेले उदयात. जनुकात असलेले पण स्नायूत न उतरलेले वैगुण्य आणि एमआरआयवर नुकतेच दिसू लागलेले वैगुण्य यांतला फरक या जोडीने चांगला समजतो. उपमेची मर्यादा मात्र ठाऊक असावी. जनुक नीतिनिरपेक्ष आहे आणि कर्म नीतिसापेक्ष. आजारी मुलाच्या आईला हे मागच्या जन्मीचे पाप म्हणून सांगणारे शेजारी कर्मसिद्धान्ताचा दुरुपयोग करतात. तो सिद्धान्त स्वतःच्या दुःखाचा भार स्वतः उचलण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखावर निकाल देण्यासाठी नाही.

ज्ञानाबरोबर येणारे पहिले कर्तव्य आप्तांविषयीचे आहे, आणि तेच सर्वांत जास्त टाळले जाते. एका भावाच्या स्नायूत हा आजार आढळला की आई-वडील, भावंडे आणि मुले यांची तपासणी व्हावी असे वैद्यक सांगते. घर मात्र बहिणीचे लग्न जमेपर्यंत गोष्ट झाकून ठेवते, आणि बहिणीलाही सांगत नाही. झाकण्यामागे दुष्टावा नसतो, भीती असते, व बाहेरच्या लोकांना सांगण्या-न सांगण्याबाबत रुग्णाचा अधिकार मान्यही करावा लागतो. परंतु तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना हेतूच्या क्रौर्यापेक्षा प्रमादावर, म्हणजे जागरूकतेच्या अभावावर, बोट ठेवले आहे: प्रमादयुक्त प्रवृत्तीने प्राणांचा घात होणे ही हिंसा. पावसाळ्यात पायाखालचा कीटक मरू नये म्हणून साधू-साध्वींचा विहार, म्हणजे पायी प्रवास, थांबवणाऱ्या परंपरेत, सख्ख्या बहिणीला तपासणी कर एवढे न सांगणे प्रमादात मोडत नाही असे म्हणणे कठीण आहे.

दुसरे कर्तव्य स्वतःच्या देहाविषयीचे, आणि भाईंदरमध्ये ते दरवर्षी चातुर्मासात समोर येते. पर्युषण या जैन पर्वात एका दिवसाच्या उपवासापासून आठ दिवसांच्या अठाईपर्यंत, आणि चातुर्मासात क्वचित महिनाभराच्या मासखमणापर्यंत, तप केले जाते. उपवासात सूर्यास्तापर्यंत केवळ उकळलेले पाणी चालते, आणि चौविहार, म्हणजे निर्जळी, असल्यास तेही नाही. जाड स्नायूच्या ज्या रुग्णांत रक्त बाहेर पडण्याची वाट अरुंद झालेली असते, त्यांच्या शरीरातले पाणी घटले की निलयाची पोकळी आणखी आकसते, अडथळा वाढतो आणि घेरी येऊ शकते. ठोक्याचा वेग आवरणारी औषधे एकाएकी बंद केल्यास धोका आणखी वाढतो. येथे श्रद्धा आणि शरीर यांत झगडा आहे असे वरवर वाटते, पण शास्त्राची भूमिका तशी नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात तीर्थंकर नामकर्माच्या, म्हणजे तीर्थंकरपद देणाऱ्या कर्माच्या, सोळा कारणांत त्याग आणि तप यांचा समावेश करताना ते शक्तीनुसार असावेत अशी अट शब्दांतच घातलेली आहे, आणि श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणात, म्हणजे व्रत घेताना उच्चारायच्या प्रतिज्ञेत, चित्ताची समाधी टिकवण्यासाठी औषध घ्यावे लागल्यास व्रत मोडत नाही, असा आगार, म्हणजे आधीच राखून ठेवलेली सूट, असतो. आपली शक्ती किती, हे पूर्वी माणूस थकव्यावरून ओळखत असे. ज्या आजारात थकवा जाणवण्याआधीच स्नायू बदललेला असतो तेथे ती ओळख अपुरी पडते, आणि शक्ती जाणून घेण्याचे साधन म्हणून एमआरआयला धर्माच्या अंगानेही स्थान मिळते. ऊणोदरी, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणे, रसत्याग, म्हणजे रुचकर पदार्थ सोडणे, आणि स्वाध्याय, म्हणजे शास्त्राचे अध्ययन, ही तपेच आहेत आणि त्यांना पाणी तोडावे लागत नाही. ज्या घरात तरुण वयात कोणी अचानक गेले आहे, किंवा ज्याला श्रमात घेरी येते, त्याने पुढच्या पर्युषणातील अठाईचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांकडून इको आणि गरज भासल्यास एमआरआय करून घ्यावे, आणि अहवाल घेऊन महाराजसाहेबांकडे, म्हणजे जैन साधूंकडे, जावे, म्हणजे कोणते तप द्यायचे हे त्यांनाही नीट ठरवता येईल.